जे दुखत नाही, ते आधी दाखवा

(शेवगाव येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव आणि पीकविमा हे आजच्या बैठकीचे विषय आहेत. त्यावर बोलणारे बोलतीलच. त्याआधी अर्धा तास आम्ही मागून घेतला आहे. उन्हाळा तोंडावर आला आहे. येत्या तीन महिन्यांत आपल्या तालुक्यात कुणाच्या तरी घरात, खळ्यावर नाहीतर बांधावर माणूस भाजणार आहे. दर उन्हाळ्यात भाजतो. तो भाजला किती, हे ओळखायचं कसं आणि दवाखाना कधी गाठायचा, एवढंच आज सांगायचं आहे.

कुणी म्हणेल, तुम्ही शेतकी कॉलेजात शिकलेले, तुम्ही बोंडअळीवर बोला. डॉक्टरचं काम डॉक्टरला करू द्या. म्हणणं बरोबर आहे. पण हा विषय बोंडअळीवरूनच आमच्या गळ्यात पडला.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्राचा कापूस खाल्ला. त्यानंतर आम्ही गावोगाव सांगत फिरलो : फरदड घेऊ नका, हंगाम वेळेवर संपवा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, नष्ट करा. सल्ला खरा होता, आजही खरा आहे. पऱ्हाटीला लटकलेल्या किडक्या बोंडात अळी झोपून राहते आणि पुढच्या हंगामात उठते. पण ‘नष्ट करा’ म्हणताना नष्ट कशी करायची, हे आम्ही सांगितलं नाही. श्रेडर कुणाकडे होता? रोटाव्हेटरच्या भाड्याला पैसे कुणाकडे होते? शेतकऱ्याजवळ स्वस्तातलं एकच अवजार होतं, काडेपेटी.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं भर दुपारी पऱ्हाट्यांचा ढीग पेटवला. वारा फिरला. बाजूला ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी पडली होती. हजारो रुपयांच्या नळ्या. त्या ओढायला तो धावला. वितळलेलं प्लॅस्टिक उजव्या हाताला चिकटलं, अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत. संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. मनगटावर टरारून फोड आले होते. हात लावू देत नव्हता, डोळ्यांतून पाणी येत होतं. अंगठ्याच्या मुळाशी मात्र रुपयाएवढा पांढरट चट्टा होता. तिथं बोट लावलं तरी त्याला काही कळत नव्हतं. आम्ही काय म्हणालो? “इथं दुखत नाही ना, मग इथली काळजी नाही. फोडांना मलम लाव.”

हे वाक्य आमचं आहे, भावांनो. पदवी घेतलेल्या माणसाचं. फोड बारा-तेरा दिवसांत सुकले. पांढरा चट्टा तीन आठवडे तसाच राहिला, मग त्याला वास यायला लागला. तेव्हा कुठे तो दवाखान्यात गेला. मांडीचं कातडं काढून तिथं लावावं लागलं. जखम भरली, पण अंगठा आत ओढला गेला तो गेलाच. आज त्याला विळा धरता येत नाही, बोंडातून कापूस ओढता येत नाही. वेचणीला बोटं लागतात, बोटांना अंगठा लागतो. अंगठा गेला म्हणजे अर्धा शेतकरी गेला.

तेव्हापासून आम्ही डॉक्टरांना विचारून, वाचून हा विषय समजून घेतला. त्यातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवा : भाजण्यात जे दुखतं ते बहुधा भरून येतं. जे दुखत नाही, ते आधी डॉक्टरला दाखवायचं असतं.

तवा आणि भाकरी

आधी पहिली वीस मिनिटं. चुलीवरून तवा खाली उतरवला तरी त्यावरची भाकरी करपत राहते की नाही? मायबहिणींना हे सांगायला नको. कातडीचंही तसंच आहे. आग विझली, चहा पुसला, तरी आत शिरलेली उष्णता खालचे थर भाजत राहते. ती बाहेर काढायला एकच गोष्ट लागते, पाणी. साधं गार, शक्यतो वाहतं पाणी, सलग वीस मिनिटं. दोन तांबे ओतले आणि झालं, असं नाही. घड्याळ लावून वीस मिनिटं. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. म्हणून शेतातून घरी यायला उशीर झाला तरी ते टाळू नका.

आता तुम्ही म्हणाल, एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे प्यायला टँकर, आणि तुम्ही वीस मिनिटं पाणी ओता म्हणता. खरं आहे. पण एक हंडा पुरतो. खाली स्वच्छ घमेलं ठेवा, तांब्यानं बारीक धार धरा, घमेल्यातलं पाणी पुन्हा तांब्यात घ्या. आणि एक खबरदारी. दुपारच्या उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं, पत्र्यावरच्या टाकीतलं पाणी चटका देण्याइतकं तापलेलं असतं. आधी आपल्या हातावर घेऊन पाहा. रांजणातलं, माठातलं, विहिरीतलं पाणी उत्तम. बर्फ लावू नका, त्यानं जखम आणखी खोल जाते. लहान मूल जास्त भाजलं असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी घाला, बाकीचं अंग कोरड्या कपड्यानं झाका. नाहीतर पोर गारठतं.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, जोडवी, करदोटा, घड्याळ काढून घ्या. तासाभरात सूज चढते, मग बांगडी कापावी लागते. कपडा चिकटला असेल तर ओढू नका. भोवतीनं कात्रीनं कापा, चिकटलेला तसाच राहू द्या. वितळलेलं प्लॅस्टिक, डांबर, कुरडईचा चीक चिकटला असेल तरी आधी पाणी. ओढलं की कातडी सोबत येते.

अंगालाच आग लागली तर पळू नका. पळालं की वारा लागतो आणि ज्वाळा तोंडाकडे चढतात. जमिनीवर आडवं व्हा, लोळा. दुसऱ्यानं घोंगडी, गोधडी नाहीतर ओलं पोतं टाकून दाबावं. नायलॉनची साडी टाकू नये, ती वितळून चिकटते.

नंतर काय लावायचं? धुतलेलं सुती धोतर किंवा चादरीचा तुकडा सैल गुंडाळायचा, बस. टूथपेस्ट नको, हळद नको, तूप-तेल नको, शाई, शेण, चुना, राख, बटाट्याचा कीस काही नको. आजीनं सांगितलं म्हणून लावतो, आजीचा अपमान नको, हे आम्हालाही कळतं. पण शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, तुपाखाली उष्णता कोंडते, आणि हळद-शाईच्या रंगाखाली जखमेचा खरा रंग डॉक्टरला दिसत नाही. आणि फोड फोडू नका. फोडाचं कातडं ही देवानं दिलेली पट्टी आहे.

ज्वारीचा बुडखा

आता खोली कशी ओळखायची ते पाहू. हे शेतकऱ्याला शेतातूनच समजेल. ज्वारीचं ताट जनावरानं वरून खाल्लं तर काय होतं? पुन्हा पान येतं. विळ्यानं कापलं आणि बुडखा जिवंत राहिला, तर ओल असेल तेव्हा फुटवा फुटतो. पण बुडखाच जळाला तर? कितीही पाणी घाला, तिथं काही उगवत नाही. कातडीचा बुडखा खालच्या थरात असतो, केसांच्या मुळाशी आणि घामाच्या ग्रंथींपाशी. तिथूनच नवी कातडी फुटते.

पहिला प्रकार वरवरचा. नुसतं पान करपलं. कातडी लाल, कोरडी, हुळहुळणारी. फोड नाही. दिवसभर उन्हात राबून मानेवर चटका बसतो तो हाच. चार-आठ दिवसांत साल निघून बरा होतो.

दुसरा प्रकार मधला. फोड येतात, फोडाखाली ओलसर गुलाबी जागा, वारा लागला तरी आग होते. बुडखा जिवंत आहे, म्हणून दुखतं आहे. स्वच्छ ठेवलं तर बहुधा दोन आठवड्यांत भरतं. दोन आठवड्यांत भरलं नाही तर समजा, आपण समजलो होतो त्यापेक्षा ते खोल आहे. मग एक दिवसही थांबायचं नाही.

तिसरा प्रकार खोल. जागा पांढरट, मेणासारखी, किंवा तपकिरी, काळी, चामड्यासारखी कडक. कोरडी. फोड बहुधा नाहीत. आणि दुखत नाही, कारण दुखणं मेंदूपर्यंत नेणारी नसच जळून गेलेली असते. तक्रार करणारा मेला म्हणून गावात शांतता आहे, तशातली ही शांतता. ही जागा आपोआप भरत नाही. कडेनं आकसत येते आणि सांधा ओढून घेते.

पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. त्यात लाली ठळक दिसते. आपल्या उन्हानं रापलेल्या, सावळ्या कातडीवर ती दिसत नाही. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. हात स्वच्छ धुऊन बोटानं हलकं दाबा. दाबल्यावर जागा फिकी पडून बोट उचलताच पूर्वीसारखी झाली, तर रक्त वाहतं आहे. रंग हललाच नाही, तर खोल आहे. दाबल्यावर कळतं का, विचारा. तिथला केस हलकेच ओढला आणि तो न दुखता हातात आला, तर खोल आहे. एकाच हातावर तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी असू शकतात. आमच्या त्या मित्राच्या हातावर होतेच. आरडाओरडा करणारे फोड आम्ही पाहिले आणि गप्प बसलेला चट्टा सोडला.

तळहाताचं माप

किती भाजलं हे मोजायला फूटपट्टी लागत नाही. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण शंभरावा भाग. लेकराचं माप लेकराच्याच हातानं घ्यायचं, आपल्या हातानं नाही. नुसती लाल झालेली जागा मोजायची नाही, फोडांची आणि खोल जागा मोजायची.

फोड एका तळहाताहून मोठे असतील तर डॉक्टरला दाखवा. मोठ्या माणसाचे दहा तळहात किंवा लेकराचे पाच तळहात भरले, तर हा दवाखान्यात दाखल करण्याचा माणूस आहे, मग तो कितीही चालता-बोलता असो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानातून ओल उडते, तसं कातडी गेलेल्या अंगातून पाणी झिरपून जातं. पहिल्या दिवशी माणूस बोलतो, चहा मागतो, आणि घरचे म्हणतात, चांगला आहे की. दुसऱ्या दिवशी लघवी कमी होते, मग तो गळपटतो. सलाइन पहिल्या तासांत लागतं. १०८ ला फोन करा. वाट लांब असेल, माणूस पूर्ण शुद्धीत असेल, उलटी नसेल, तर जलसंजीवनी घोट-घोट द्या. ग्लानीत असेल तर तोंडात काही घालू नका.

आता असं भाजणं सांगतो की जे छोटं असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचंच. तोंड, डोळे, हात, पाऊल, सांध्यावरची जागा, लघवीची जागा. हातापायाला कड्यासारखं सगळीकडून भाजलेलं, कारण सूज आली की रक्त थांबतं. दुखत नाही अशी कुठलीही जागा. पाच वर्षांखालचं लेकरू, म्हातारं माणूस, गरोदर बाई, साखरेचा आजार असलेला. साखरेच्या आजारात पायाची जाणीव कमी होते. चप्पल तुटली म्हणून तापलेल्या डांबरी रस्त्यावरून घरापर्यंत अनवाणी चालत येतो, आणि तळव्याचे फोड दुसऱ्या दिवशी सून दाखवते तेव्हा त्याला कळतं.

आणि धूर. कडब्याची गंजी पेटते, शेजारी दावणीला बैल असतात, माणूस सोडायला आत जातो. बाहेर येतो तेव्हा अंगावर एक फोड नसतो. पण नाकातले केस जळालेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा. हा माणूस सगळ्यांत आधी गाडीत घालायचा. काही तासांत श्वासनळी सुजून श्वास बंद होऊ शकतो. गंजी जळाली तर तलाठी येऊन पंचनामा करील. जळालेल्या फुप्फुसाचा पंचनामा करायला कुणी येत नाही.

घरी ठेवलेल्या जखमेकडेही रोज बघा. ताप आला, पू झाला, वास आला, सूज आणि लाली पसरायला लागली, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर तडक दवाखाना. आणि जखम छोटी असली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन किती वर्षांपूर्वी झालं ते आठवा. आठवत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घ्या.

वीज, चुना आणि ऊन

फ्यूज उडाला, पाण्याची पाळी रात्रीची, लाईनमन सापडत नाही. मग आपणच डीपीवर हात घालतो. तसं करू नका असं नुसतं सांगून आम्ही मोकळे होणार नाही. लाईनमन वेळेवर आला पाहिजे, ही मागणी आपली आहेच. पण मागणी मान्य होईपर्यंत हात आपला आहे. विजेचा चटका बाहेर हरभऱ्याएवढा दिसतो आणि आत कोपरापर्यंत मांस शिजलेलं असतं. हृदयाचे ठोके नंतरही चुकू शकतात. म्हणून झटका बसून माणूस फेकला गेला, बेशुद्ध झाला, अंगावर चटका उठला किंवा लघवी काळपट-लाल झाली, तर तो उठून बसला तरी दवाखान्यात न्या. वाचवताना आधी पुरवठा बंद करा, मग माणसाला हात लावा. उच्च दाबाच्या तारेजवळ तर काठी घेऊनसुद्धा जाऊ नका. पुरवठा बंद झाल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबत राहा, मदत येईपर्यंत.

चुना, सिमेंट किंवा रासायनिक पूड अंगावर पडली तर आधी कोरडी झटका, मग भरपूर पाणी. बॅटरीचं आम्ल असेल तर लगेच पाणी, आणि बराच वेळ. आपल्या खिशातली चुन्याची पुडी लेकरू दाबतं आणि ती फुटून डोळ्यात उडते. डोळा उघडा धरून निदान वीस-तीस मिनिटं पाण्यानं धुवा. पापणीखाली चुन्याचा कण दिसला तर ओल्या कापसानं अलगद टिपून काढा, आणि त्याच पावली डोळ्यांचा डॉक्टर. डोळा चोळू नका.

उन्हाचा चटका आणि उष्माघात यांत फरक आहे. चटका कातडीचा, उष्माघात आतला. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, तोल जातो, शुद्ध हरपते. सावलीत घ्या, अंग भिजवा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उन्हानं १४ माणसं गेली. तो आमच्यासारख्या सभा घेणाऱ्यांनाही धडा आहे. म्हणून आजची बैठक आम्ही सकाळी आणि मांडवात ठेवली.

दवाखान्याची भीती

हे सगळं कळूनही माणूस दवाखान्यात जात नाही, त्याची दोन कारणं. एक पैसा, दुसरं पोलीस.

पैशाचं आधी. शेवगावला ग्रामीण रुग्णालय आहे. पुढं न्यावं लागलं तर एका बाजूला नगर, आता अहिल्यानगर म्हणायचं, आणि दुसऱ्या बाजूला पैठणवरून छत्रपती संभाजीनगरची घाटी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर आली. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि भाजण्यावरचे उपचार त्यात बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा. पैसे भरण्याआधी गाठा, नंतर नाही.

शेतात अपघात होऊन हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून १ लाख, दोन अवयव गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. पण सरकारला कागद लागतो. जो पहिल्या दिवशी दवाखान्यात गेला त्याच्याकडे कागद असतो. जो टूथपेस्ट लावून घरी बसला, त्याच्याकडे फक्त टूथपेस्टची नळी असते.

आणि हिशेब आम्हालाच का शिकवायला हवा? एक वेचणी चुकली तर किती कापूस गळतो, हे तुम्ही तोंडावर सांगता. उजवा हात गेल्यावर किती वेचण्या चुकतात, तेही मांडून पाहा.

आता पोलीस. भाजलेला माणूस आला की डॉक्टर पोलिसांना कळवतात, जबाब होतो. त्या भीतीनं लोक थांबतात. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की प्रत्येक डॉक्टरनं, सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. कुणी ‘आधी पोलिसांना आणा’ म्हणालं तर हे ठासून सांगा.

आणि एक कडू गोष्ट बोलल्याशिवाय आम्ही खाली बसणार नाही. पुरुष भाजला की गाडी बोलावतात. बाई भाजली की घर आधी दार लावून घेतं. लोक काय म्हणतील, माहेरचे काय म्हणतील, जबाबात ती काय बोलेल. भावांनो, चुलीशी ती असते, कुरडयांचा चीक ती हाटते, लग्नसराईत कढईजवळ ती उभी असते. तिची साडी नायलॉनची, कारण सुती परवडत नाही. तिला दवाखान्यात पोहोचायला पुरुषापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर त्याला आग जबाबदार नाही, आपण जबाबदार आहोत. आणि जिथं बाईला कुणी जाळलं असेल, तिथं तिचा जबाब तिला एकटीला, कुणाच्या धाकाशिवाय देता आला पाहिजे. गावानं तिच्या बाजूनं उभं राहायचं, दाराच्या बाजूनं नाही.

पेटवण्याआधी

थोडं शेतकीचं, कारण चूक तिथून सुरू झाली. पऱ्हाट्या जाळू नका. श्रेडरनं बारीक करून रानात मिसळल्या तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. एकट्याला भाडं परवडत नसेल तर पाच-सहा जणांनी मिळून एका दिवसात सगळ्यांची रानं उरकून घ्या. बांध पेटवायचाच झाला तर भर दुपारी नको, वारा पडल्यावर, आणि एकट्यानं कधीच नको. भोवतीनं दोन हात जागा खरवडून काढा, पाण्याचा हंडा आणि ओली पोती आधी ठेवा. पेट्रोल-डिझेल ओतू नका. धोतराचा सोगा, साडीचा पदर खोचून घ्या. गंजी विजेच्या तारेखाली आणि गोठ्याला चिकटून रचू नका. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. चीक शिजवताना आणि लग्नाच्या चुलीपाशी लेकरांसाठी एक रेघ ओढा, आणि ती रेघ राखायला एका माणसाला बसवा.

आता आम्ही थांबतो. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी गावातल्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कित्येक जणी निरक्षर होत्या. त्या बाया रोग ओळखायला शिकल्या, कुणाला घरी सांभाळायचं आणि कुणाला दवाखान्यात पाठवायचं हे ठरवायला शिकल्या. जग ते बघायला जामखेडला आलं. तेव्हा ओळखणं ही पदवीची गोष्ट नाही. आमच्याकडे पदवी होती आणि आम्ही चुकलो.

आज घरी गेल्यावर एवढं करा. जेवायच्या वेळी घरातल्या सगळ्यांना तळहाताचं माप दाखवा. बोटानं दाबून बघायचं कसं, ते दाखवा. रांजणाजवळ एक हंडा फक्त याच कामासाठी भरून ठेवा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत घालून खुंटीला अडकवा. आणि लेकरांकडून एक वाक्य पाठ करून घ्या : वीस मिनिटं पाणी, आणि जे दुखत नाही ते आधी दाखवा.

त्या मित्राच्या घरी आम्ही आजही जातो. तो आमच्यावर रागावलेला नाही. डाव्या हातानं चहाचा कप पुढे करतो. तो कप हातात घेताना आम्हाला जे वाटतं, ते तुमच्यापैकी कुणाच्याही वाट्याला येऊ नये, म्हणून हे बोललो.